फ्लोटप्लेनने तळ्याकाठच्या केबिनवर: अलास्कात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अलास्काच्या आग्नेय भागात समुद्र, बेटं आणि उभे डोंगर यांच्या मधोमध टोंगास राष्ट्रीय वन पसरलेलं आहे. सुमारे १ कोटी ६७ लाख एकर. अमेरिकेतलं सर्वांत मोठं राष्ट्रीय वन. या जंगलात तिथल्या वनखात्याने, म्हणजे यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिसने, जवळपास दीडशे साध्या लाकडी केबिन बांधून ठेवल्या आहेत. आरक्षण करायचं, भाडं भरायचं आणि जाऊन राहायचं. वाटाड्या घ्यायची सक्ती नाही. यातल्या कितीतरी केबिन अशा तळ्यांच्या काठी आहेत की तिथवर रस्ताच जात नाही. चाकांच्या जागी दोन लांबट फ्लोट लावलेलं छोटं विमान तळ्यात उतरतं, तुम्हाला सामानासकट काठावर सोडतं आणि निघून जातं. ते पुन्हा येईपर्यंत आसपास दुसरं कुणी नसतं.

शांतता मनापासून हवी असेल त्याने आयुष्यात एकदा तरी हे करावं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी कसलेला गिर्यारोहक असावं लागत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या समजून घ्याव्या लागतात: विमानात किती वजन चढतं, आणि हवामान कधी वाट देतं. बाकीची सगळी तयारी या दोन गोष्टींवर बेतलेली असते.

तळं आणि महिना

पहिल्या खेपेला केचिकान गावाहून जाणं सोपं पडतं. गावाच्या पूर्वेला मिस्टी फिऑर्ड्स हा राखीव प्रदेश आहे. १९७८ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि १९८० च्या अलास्काविषयक कायद्याने त्याचा बहुतेक भाग संरक्षित रानात गेला. अमेरिकेत अशा रानात एरवी यंत्रांना बंदी असते. अलास्कात मात्र त्याच १९८० च्या कायद्याने विमानांना उतरायची मुभा ठेवली आहे. तिथे जायचे दुसरे मार्गच नाहीत, हे त्यामागचं कारण. हम्पबॅक लेक, मॅन्झनिटा लेक, गावाच्या उत्तरेचं पॅचिंग लेक अशी नावं केबिनच्या यादीत भेटतील.

यादीतले फोटो बघून भाळू नका. प्रत्येक केबिनच्या पानावर चार गोष्टी शोधा. पहिली, तळ्याची उंची. समुद्रसपाटीजवळची तळी लवकर मोकळी होतात, पण डोंगरातल्या तळ्यांवर जून उजाडला तरी बर्फ असू शकतो, आणि बर्फ असेल तर फ्लोटवरचं विमान उतरणार नाही. दुसरी, शेगडी लाकडावरची आहे की तेलावरची. तिसरी, होडी आहे का. तळ्याकाठच्या बऱ्याच केबिनला वल्ह्यांची साधी होडी ठेवलेली असते, आणि ती नसेल तर दाट झाडीमुळे केबिनच्या अंगणापलीकडे तुमचं फारसं फिरणं होणार नाही. चौथी, ताज्या सूचना: होडी फुटलीय, छप्पर गळतंय, अस्वलाचा त्रास आहे, असं काही असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं.

महिना म्हणाल तर जून अखेर ते ऑगस्ट. केचिकानला वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातल्या त्यात कोरडे महिने जून आणि जुलै. ऑक्टोबर सर्वांत ओला. जूनच्या अखेरीस पहाटे चारला उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत सूर्य असतो, म्हणजे विमानाला उडायला मोठा दिवस मिळतो. याच दिवसांत डास आणि चावऱ्या माश्याही असतात. डोक्यावर घालायची जाळी घ्या, विषय संपला.

आरक्षण: आधी विमानवाल्याला फोन

केबिनचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सुमारे सहा महिने आधी उघडतं. भाडं माणशी नसून अख्ख्या केबिनचं, एका रात्रीचं असतं आणि विमानाच्या खर्चापुढे ते किरकोळ वाटतं. जुलैचे शनिवार-रविवार चटकन जातात; मधले वार मिळतात.

पण बुकिंगचं बटण दाबण्याआधी केचिकानच्या एखाद्या एअर टॅक्सी कंपनीला फोन करा. भाड्याने माणसं नेणाऱ्या विमान कंपनीकडे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचं ‘पार्ट १३५’ प्रमाणपत्र असावं लागतं. ते आहे ना, हे निःसंकोच विचारा. मग तळ्याचं नाव सांगा. लहान तळ्यात उतरणं जमतं, पण भरलेलं विमान तिथून उचलायला लांब पाणी लागतं. त्यामुळे काही तळ्यांवर ते चौघांना एका खेपेत नेणार नाहीत, काही तळ्यांवर जाणारच नाहीत. हे आधी कळलेलं बरं.

खर्चाचा हिशेब नवख्यांना नेहमी चकवतो. विमान तुम्हाला सोडून रिकामं परततं, आणि न्यायला रिकामं येतं. म्हणजे दोन फेऱ्यांसाठी चार उड्डाणं होतात आणि पैसे चारही उड्डाणांचे पडतात. आकारणी बहुधा उड्डाणाच्या वेळेवर असते, म्हणून तळं जितकं जवळ तितकं स्वस्त. शिवाय विमान पूर्ण भरलं तर माणशी खर्च उतरतो. दोघांनी जाण्यापेक्षा चौघांनी जाणं परवडतं ते यामुळेच. फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: एकूण किती वजन चालेल, हवामानामुळे न्यायला यायला उशीर झाला तर जादा आकार लागतो का, आणि तेल, गॅस, बेअर स्प्रे (अस्वलाला रोखायचा झोंबरा फवारा) कसे नेतात.

वजन

या धंद्यातलं सर्वांत लाडकं विमान म्हणजे डीएचसी-२ बीव्हर. १९४७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, १९६७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि तेव्हाची विमानं नव्याने दुरुस्त करून आजही रोज उडवली जातात. पुढे नऊ सिलिंडरचं गोल इंजिन, ४५० अश्वशक्तीचं. फ्लोट, पायलट आणि इंधन वजा जाता माणसं आणि सामान मिळून साधारण ५०० किलो, असा ढोबळ अंदाज धरा. नेमका आकडा कंपनी देईल. सेसना २०६ असेल तर त्याहून बरंच कमी.

आता हिशेब मांडा. चार माणसं, कपडे-गमबुटांसह सरासरी ८५ किलो, म्हणजे ३४० झाले. उरले १६०. त्यात शिधा, झोपायच्या पिशव्या, भांडी, शेगडीचं तेल, गळाचं सामान. वाटायला भरपूर वाटतं; पण २० लिटर तेलाचा एक डबाच १६ किलोच्या वर जातो. म्हणून घरी प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवा आणि वर चिकटपट्टी लावून किलो लिहा. स्वतःचं वजनही खरं सांगा. काही जण लाजून दहा किलो कमी सांगतात. हा आकडा पायलटच्या गणितात जातो आणि लहान तळ्यातून विमान उचलताना त्याच्यावर सगळं अवलंबून असतं.

धक्क्यावर सामान चढताना बघितलं की पिशव्या कशा असाव्यात हे आपोआप कळतं. सगळा ढीग आधी वजनकाट्यावरून जातो. मग पायलट दाराशी ओणवा होऊन एकेक नग मागून घेतो: जड वस्तू पुढे, हलक्या मागे शेपटीकडे, आणि जिथे बोचकं दाबून बसेल तिथे बोचकं. फ्लोटच्या वरच्या अंगाला झाकणं असतात. त्यांच्या आत अरुंद कप्पे. ओलं झालं तरी चालेल असं सामान आणि बेअर स्प्रेचे डबे तिथे जातात. स्प्रे विमानाच्या आत फुटला तर पायलटचे डोळेच बंद होतील, त्यामुळे तो खिशात लपवून बसू नका. चाकांच्या कडक सुटकेसची इथे पंचाईत होते. ती कुठल्याच कोपऱ्यात बसत नाही. मऊ, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या घ्या, एक मोठी घेण्यापेक्षा चार लहान, एका हाताने उचलता येतील अशा. गळाची काठी दुमडणारी असावी.

केबिनमध्ये काय असतं, काय न्यायचं

असतं ते एवढं: चार भिंती, छप्पर, लाकडी फळ्यांचे बंक, टेबल, बाकडी, शेगडी, केरसुणी, बाहेर थोड्या अंतरावर खड्ड्याचा संडास. वीज नाही, नळ नाही, गाद्या नाहीत, भांडी नाहीत. मागच्या लोकांनी ठेवलेला एखादा तवा सापडेलही. त्याच्या भरवशावर जाऊ नका.

झोपण्यासाठी उबदार स्लीपिंग बॅग आणि खाली घालायची जाड चटई. कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती कपडे एकदा भिजले की इथल्या दमट हवेत वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. वरून खरोखर पाणी अडवणारं जाकीट आणि पँट. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. तिथले लोक तपकिरी एक्स्ट्राटफ घालून कामावर, बाजारात, सगळीकडे फिरतात ते उगाच नाही. विमानातून उतरताना काठावरच्या पाण्यात पाय ठेवावा लागतो, तेव्हा त्यांची किंमत कळते.

स्वयंपाकासाठी गॅसची छोटी शेगडी आणि दोन पातेली. शिधा कोरडा: ओट्स, तांदूळ, पास्ता, सुकं सूप, सुका मेवा. काचेच्या बरण्या आणि डबाबंद अन्न टाळा. डब्यातल्या पाण्याचं वजन विमानातून कशाला न्यायचं, जेव्हा दारात तळं आहे? शिध्याचा हिशेब करताना मुक्कामाच्या दिवसांवर आणखी तीन दिवसांचा शिधा वेगळ्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी ठरल्या दिवसापर्यंत सोडू नका. नेहमीच्या औषधांचंही तेच.

याशिवाय डोक्याला लावायचे दिवे आणि जादा सेल, काडेपेटी आणि लायटर दोन्ही, प्रथमोपचाराची पेटी, नायलॉनची दोरी, ताडपत्री, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट पेपर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं सेलवर चालणारं यंत्र. हे शेवटचं लोक विसरतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणार असाल तर ते हवंच.

केचिकानला पोचल्यावर

केचिकानला बाहेरून येणारा रस्ता नाही. सिएटलहून विमानाने यायचं किंवा अलास्का मरीन हायवेच्या फेरीबोटीने. विमानतळ समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे. तिथून टोंगास नॅरोज ही अरुंद खाडी छोट्या फेरीने ओलांडली की काही मिनिटांत गाव. याच खाडीच्या पाण्यावर फ्लोटप्लेन उतरतात आणि उडतात.

जेट विमानातून उतरून त्याच दुपारी तळ्यावर जायचा बेत आखू नका. एक रात्र गावात काढा. काही वस्तू प्रवासी विमानात चालत नाहीत, त्या इथेच घ्याव्या लागतात: बेअर स्प्रे, गॅसची नळकांडी, शेगडीचं तेल. तेलाच्या शेगडीत नंबर १ डिझेल किंवा केरोसीन जळतं. पेट्रोल किंवा कॅम्पिंगचं पांढरं इंधन चुकूनही घालायचं नाही, स्फोट होतो. मासे धरायचे असतील तर अलास्काबाहेरच्या १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. गोड्या पाण्यात आमिष वापरण्यावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचून घ्या.

परतीचं जेटचं तिकीटही ठरलेल्या दिवसानंतर निदान दोन दिवस सोडून काढा. यात काटकसर नको.

विमानात बसताना

पंखा हा एकमेव खरा धोका आहे असं समजून वागा. तो फिरत असताना दिसत नाही. विमानाच्या पुढच्या बाजूला कधीच जायचं नाही. पायलट खूण करेल तेव्हाच फ्लोटवर पाय ठेवायचा आणि उतरल्यावर मागच्या बाजूला चालायचं. फ्लोट ओले आणि निसरडे असतात, एक हात कायम पंखाच्या आधारदांडीवर ठेवा.

निघण्यापूर्वी पायलट सूचना देतो. कान देऊन ऐका आणि दाराची कडी स्वतःच्या हाताने एकदा उघडून बघायला मागा. विमान पाण्यात उलटलं तर अंधारात, डोकं खाली असताना तीच कडी शोधावी लागते. कमरेला किंवा गळ्यात दिलेलं लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही. फुगलं तर ते तुम्हाला छताशी दाबून धरतं आणि दारातून बाहेर पडता येत नाही. बाहेर आल्यावरच दोरी ओढायची. अलास्काचा कायदा प्रत्येक विमानात कुऱ्हाड, अन्न, प्रथमोपचार, आग पेटवायचं साहित्य असं आणीबाणीचं सामान ठेवायला लावतो. ते कुठे आहे, हेही विचारून घ्या.

मग मात्र खिडकीशी बसा आणि बघत राहा. ढगांच्या खालून, कड्यांच्या शेजारून जाणारी ती वीस-तीस मिनिटं विसरता येत नाहीत. तळ्यावर आलं की पायलट आधी एक घिरटी घालतो: पाण्यात ओंडके तरंगतायत का, वारा कुठून आहे, लाटा किती. आरशासारखं गुळगुळीत पाणी आपल्याला सुंदर दिसतं. पायलटला ते नको असतं, कारण तशा पाण्यावर आपण किती उंचीवर आहोत हे डोळ्यांना कळत नाही. बारीक लहरी असल्या की उतरणं सोपं.

विमान जाण्याआधीची दहा मिनिटं

पायलट घाईत असतो. तरी त्याला थोडं थांबवा.

सगळे नग मोजून घ्या, फ्लोटचे कप्पे स्वतः उघडून बघा. एकजण केबिनपर्यंत पळत जाऊन येऊ दे: केबिन आपलीच आहे ना, दार उघडतं ना, शेगडीचा पाइप जागेवर आहे ना, होडीला वल्ही आहेत ना. उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रावरून एक संदेश विमान कंपनीला पाठवून बघा. न्यायला येण्याची तारीख आणि वेळ पायलटकडून पुन्हा वदवून घ्या, आणि ‘हवा खराब असेल तर मी कुणाला, किती वाजता कळवायचं’ हेही. एवढं झालं की निरोप द्या.

पहिलं काम शेगडी

पाऊस असो नसो, सामान लावण्याआधी शेगडी पेटवा. घर गरम व्हायला वेळ लागतो आणि ओले कपडे तिच्यावरच वाळायचे असतात.

लाकडाची शेगडी असेल तर इथलं लाकूड बाहेरून भिजलेलं असणार, हे गृहीत धरा. ओंडका उभा चिरला की आतला गाभा बऱ्याचदा कोरडा निघतो. सेडर मिळालं तर उत्तम. सुरीने त्याच्या पातळ ढलप्या काढा, बोटभर जाडीच्या काटक्या करा, मग मनगटाएवढे तुकडे. हे तीन ढीग तयार झाल्याशिवाय काडी ओढू नका. शेगडीची हवेची झडप पूर्ण उघडा, ढलप्या सैल रचा, पेटल्यावर काटक्या, आणि काटक्यांचा आवाज कडकडीत झाला की तुकडे. बरोबर आणलेलं थोडं मेण किंवा राळेचं लाकूड पहिल्या रात्री हात देतं. उभं हिरवं झाड तोडू नका. पडलेलं आणि वाळलेलंच घ्या. तुकडे शेगडीच्या बाजूला रचून ठेवले की दुसऱ्या दिवशीचं लाकूड आपोआप वाळतं, फक्त पत्र्याला टेकवू नका. आणि कितीही थंडी असली तरी एक खिडकी बोटभर उघडी राहू दे.

तेलाची शेगडी असेल तर टाकीपासूनचा कॉक हळू उघडायचा, तेल तळाशी थोडंसं येऊ द्यायचं आणि मग पेटवायचं. गरम शेगडीत तेल सोडून पुन्हा पेटवण्याचा प्रयत्न करू नका. गार होऊ द्या. सूचना बहुधा भिंतीवर लावलेल्या असतात, त्या शब्दशः पाळा.

पाणी तळ्यातून, केबिनपासून आणि संडासापासून दूरच्या अंगाने भरा. ते काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा, म्हणजे झालं.

अस्वलं

टोंगासमध्ये अस्वलं सगळीकडे आहेत. अ‍ॅडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या उत्तरेकडच्या बेटांवर तपकिरी. दक्षिणेकडच्या बेटांवर काळी. मुख्य भूमीवर दोन्ही. मिस्टी फिऑर्ड्सचा मोठा भाग मुख्य भूमीवर येतो.

त्यांना तुमच्यात रस नसतो, वासात असतो. शिधा, टूथपेस्ट, कचरा, रिकामी पातेली, सगळं रात्री केबिनच्या आत आणि दाराला कडी. मासा साफ करायचा तर केबिनपासून लांब, आणि डोकी-आतडी खोल पाण्यात टाकायची. काठावर टाकलेलं एक डोकं पुढच्या आठवड्यात येणाऱ्या कुटुंबाच्या दारात अस्वल आणून ठेवतं. झाडीत चालताना मोठ्याने बोलत चला, विशेषतः ओढ्याच्या आवाजाजवळ.

समोर आलंच तर पळू नका. एकत्र उभे राहा, शांत आवाजात बोला, हळूहळू मागे सरका. स्प्रे कमरेच्या पट्ट्याला असावा. पिशवीच्या तळाशी असलेला स्प्रे नसल्यासारखाच. अंगावर धावून आलं तर सात-आठ मीटरवर असताना त्याच्या तोंडासमोर ढग तयार होईल असा फवारा सोडायचा. तपकिरी अस्वलाने धरलंच तर पालथं पडून मानेवर हात घट्ट बांधा आणि निपचित राहा. काळ्याने हल्ला केला तर मात्र हाती येईल त्याने प्रतिकार करा. स्प्रे डासांच्या औषधासारखा केबिनवर किंवा कपड्यांवर मारायचा नसतो. तसा मारलेला वास अस्वलाला उलट ओढून आणतो.

होडी आणि गार पाणी

माझ्या मते इथला मोठा धोका अस्वलापेक्षा तळ्याचा आहे. या पाण्यात अचानक पडलेल्या माणसासाठी बचाव प्रशिक्षणात १-१०-१ असा क्रम शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वास आवाक्यात आणण्याचं. गार धक्क्याने धाप लागते आणि त्यातच पाणी नाकातोंडात जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात होडी पकडा किंवा काठ गाठा. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. अंगात लाइफ जॅकेट असेल तरच हा क्रम खरा. म्हणून ते होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं, मासे धरतानाही. १३ वर्षांखालच्या मुलांना उघड्या होडीत ते घालणं अलास्कात कायद्यानेच बंधनकारक आहे.

काठाकाठाने वल्हवा. दुपारी दरीतून वारा सुटतो आणि परतीला लाट तोंडावर येते, तेव्हा लांबची फेरी सकाळी उरका. रात्री होडी अर्धी पाण्यात ठेवून झोपू नका. रात्रभराच्या पावसाने तळं चांगलंच चढतं. ती पूर्ण वर ओढा, पालथी घाला, झाडाला बांधा.

संपर्क, आणि विमान आलं नाही तर

मोबाइलला रेंज नाही. इनरीचसारखं उपग्रहावर चालणारं यंत्र भाड्याने किंवा विकत घ्या. ते इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, पण त्याला वरचं मोकळं आकाश लागतं. झाडीखालून संदेश अडकतात, काठावर जाऊन पाठवा. एक माणूस घरी नेमा, ज्याच्याकडे केबिनचं नाव, विमान कंपनीचा फोन आणि तारखा लिहिलेल्या आहेत. आणीबाणीचं बटण दाबलं तर शोधमोहीम अलास्का स्टेट ट्रूपर्सकडून हलते आणि तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टरही येऊ शकतं. पण ज्या ढगांनी तुमचं विमान अडवलंय, ते त्यांनाही अडवू शकतात. त्यामुळे पाय मुरगळण्यासारखं दुखणं दोन दिवस केबिनमध्ये सांभाळता येईल एवढी तयारी हवी.

न्यायचा दिवस उजाडतो आणि तळ्यावर धुकं टेकलेलं असतं. ही गोष्ट इथे नेहमीची. फ्लोटप्लेन डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच उडतं आणि उजेडातच उडतं. समोरचा काठ दिसतोय का, ढग कोणत्या कड्यापर्यंत उतरलेत, वारा कुठून आणि पाण्यावर पांढरे फेस आहेत का, एवढं लिहून ठरल्या वेळी कंपनीला पाठवा. केचिकानहून त्यांना तुमचं तळं दिसत नसतं, त्यामुळे या चार ओळी त्यांच्या फार कामाच्या असतात. सामान बांधून दाराशी ठेवा, पण शेगडी विझवू नका आणि स्लीपिंग बॅगा वरच्या वर ठेवा. विमान दोन तासांनी येईल किंवा दोन दिवसांनी. पायलटला ‘आजच या’ म्हणून कधीही गळ घालू नका. त्याने ‘नाही’ म्हटलं तर आभार माना आणि राखीव शिध्याची पिशवी सोडा. खरं सांगायचं तर असा फुकट मिळालेला दिवस अनेकदा अख्ख्या मुक्कामातला सर्वांत निवांत असतो: कुठे जायचं नसतं, काही ठरवायचं नसतं.

निघताना

विमानाचा आवाज आधी ऐकू येतो, दिसतं नंतर. तोवर केर काढून झालेला असावा, राख पूर्ण गार करून सांगितलेल्या जागी टाकलेली, तेलाचा कॉक बंद, होडी पालथी बांधलेली. शेगडीशेजारी कोरडं चिरलेलं लाकूड आणि मूठभर ढलप्या ठेवा. पुढची माणसं भिजून येतील. कचरा सगळा बरोबर, उरलेलं अन्नसुद्धा. केबिनमधल्या वहीत होडीची, शेगडीची, अस्वलाच्या खुणांची खरी नोंद करा. ती वही पुढचे लोक मन लावून वाचतात. काही मोडलं असेल तर वनखात्याच्या केचिकान कार्यालयालाही कळवा.

विमान काठाला लागून पंखा थांबेपर्यंत मागेच उभे राहा. गावात पोचल्यावर, अंघोळीच्याही आधी, घरी नेमलेल्या माणसाला ‘पोचलो’ म्हणून कळवा आणि यंत्रावरचा माग बंद करा. उरलेलं तेल आणि बेअर स्प्रे जेटमधून नेता येत नाही. धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या जागी विचारा, निघण्याच्या तयारीत असलेलं कुणी ना कुणी ते आनंदाने घेतं.